चाकामागचा दगड

आमच्या नेकनूरच्या बजरंगची जुनी पिकअप उसाच्या फडात रुतायची, म्हणून त्यानं तिला मोठे टायर चढवले. मिस्त्री ओरडून सांगत होता, "मोठ्या चाकाला मागच्या एक्सलमधला गिअरबी बदलावा लागतोय रं, न्हाईतर भरली गाडी चढाला वढायची न्हाई."

"फडात कुठला आलाय चढ?" बजरंग म्हणाला. फडावर जायला घाट चढावा लागतो, हे या शहाण्याला कोण सांगणार!

घाटात गाडी थांबली, की त्याची बायको शिवकन्या उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायची. ते काम तिचंच. दगडही ठरलेला, कायम हौद्यात ठेवलेला.

यंदा ऊसतोडीला निघताना संसार भरलेली गाडी घाटात बंद पडली आणि मागं सरकायला लागली. शिवकन्येनं तोच दगड लावला. जुनं चाक त्याला अडायचं. नवं मोठं चाक त्याच्यावरून सहज चढलं, आणि दगड धरून वाकलेल्या शिवकन्येवरूनही.

लोक नशिबाला बोल लावतात. कसलं आलंय नशीब! तेरावा उरकल्यावर बजरंगनं पहिलं काम काय केलं, तर गिअर बदलला. आता भरली गाडी एका दमात घाट चढते. दगड लावायला कुणाला उतरावंच लागत नाही.