खण चालतात, हात चालत नाही

जावेच्या डोहाळजेवणाला एकवीस खण पंडरीच्या कापडबाजारातल्या माझ्या दुकानातून गेले. ओटी भरायला मी ताट उचललं, तर चुलतसासूबाईंनी सगळ्यांसमोर ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू राहू दे. तुझे खण चालतात, हात नाही."

बायका हसल्या. सासूबाई पानाला चुना लावत राहिल्या.

हे घर भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं. मी गोंदियाच्या रेल्वे खलाशाची पोट्टी. डोक्यावर गठ्ठा घेऊन पाऱ्या-पाऱ्यात, गल्लोगल्ली खण विकले, रायपूर राजधानी झाल्यावर दुकान घेतलं. ठोक व्यापाऱ्यांना मी घाम फोडते. घरात मात्र सहा वर्षं मान खाली. वांझ म्हणून.

सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ पडला. दुसरीकडे जायचं नाही, घरचाच डॉक्टर. सासूबाईंच्या डॉक्टर भावाने दोनदा पिशवीची सफाई केली. तेव्हापासून पाळी एका दिवसावर आली. सासूबाई खूश. बाहेर बसणं कमी झालं. खरं सांगते, मीही खूश होते, दुकान बंद राहत नव्हतं. हा आजार आहे हे आम्हाला कळलं नाही. त्या डॉक्टरला कळायला हवं होतं. मी विचारलंही होतं.

"नशीब समज," म्हणाला.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी समता कॉलनीतल्या दवाखान्यात गेले. नवरा बाहेर बसला. नळीने आत पाणी सोडून सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण मराठीच, पण बोलली हिंदीत. "भैया को बुलाइए, उनको समझा देती हूँ."

"पोट माझं आहे. मले दाखवा. मी कापडही उजेडात धरल्याशिवाय घेत नाही."

तिने स्क्रीन फिरवली. काळ्या पाण्यात पांढरे धागे. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. जास्त खरवडल्याचे व्रण.

आत दुर्बीण घालून तिने ते धागे कापले. गोळ्या घेतल्या. पाळी पुन्हा चार दिवसांची झाली. मूल होईल का?

"सांगता येत नाही," डॉक्टरीण म्हणाली.

सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी मला खरं सांगितलं.

सोमवारी जावेच्या मुलीचं बारसं. निरोप आलाय, खण पाठव. पाठवणार नाही. घेऊन जाईन. डॉक्टर मामा जेवायला असेलच. सोनोग्राफीचा कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवीन आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं सांगीन, "ही कूस वांझ नव्हती. तुम्ही खरवडली."

मग ओटी मी भरीन. ज्यांना माझा हात चालत नाही, त्यांनी खण गोल बाजारातून आणावेत.