सँड्राच्या गोठ्यात माझी माळ

मंडळी, आज जिंकलो!

सँड्राच्या घरी नाताळचा गोठा केलाय. त्यासाठी लायटिंगची माळ मी आणतो म्हटलं, तर तिचे पप्पा म्हणाले, "कॉलेज सोडलेल्याला काय कळतंय? गवत पेटवशील." डोकंच फिरलं.

शहापुरातल्या दुकानदारानं लुकलुकणारी रंगीत माळ काढली. म्हटलं, "अण्णा, तिथं बाळ येशू झोपलाय, गणपतीची मिरवणूक न्हाय. पिवळी, एकसारखी जळणारी एलईडी दाखवा." ती चालू करून अर्धा तास मुठीत धरून बसलो. अण्णा वैतागले, "माळ घेतोस का माझा जीव घेतोस रं?"

संध्याकाळी पप्पांनी गवतावरची माळ स्वतः चाचपली. "तापत न्हाय की! उद्या दारात नाताळचा तारा टांगायला पण तूच ये."

मागं सँड्रा हसत होती. नवा शर्ट घालून जाऊ, का लई उतावळा दिसेन?