हिमालयात चुंबळ

टोपल्याच्या तळाशी पाला कधी जमा झाला, ते भाजीवालीला कळत नाही. आपण वरून जुड्या रचतो, दिवसभर विकतो, आणि संध्याकाळी टोपलं उपडं केलं की हा ढीग! किस्स्यांचं तसंच आहे. आम्ही नेपाळात गेलो होतो एका शाळेची भिंत बांधायला आणि तिथला डोंगर चढायला. परत आल्यापासून जो तो विचारतो, "मावशी, काय आणलं नेपाळातून?" काय आणणार? टोपलं उपडं करते, घ्या!

मी मथुरा, वलगावची. वांगी, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, हे पिकवते आणि अमरावतीत नेऊन विकते. शाळेचं तोंड पाहिलं नाही. भाजी बांधायला रद्दी आणायचे, त्या पेपरांवरून अक्षर अक्षर लावत वाचायला शिकले, कोणाचे उपकार नाहीत. त्यातल्याच एका पानावर बर्फाच्या डोंगराचा फोटो होता. त्या पानात मी मेथी बांधली नाही. आमच्याकडची जमीन कशी, पोळपाटासारखी सपाट. एवढा उंच दगुड उभा राहतो तरी कसा, हे मला एकदा डोळ्यानं पाहायचं होतं. बाकी फिरायची हौस नव्हती.

नेपाळला निघालेल्या ग्रुपमध्ये मला आणलं डॉक्टर मीनलनं. ती अमरावतीची, माझं जुनं गिऱ्हाईक. तिनं माझं बीपी तपासलं, हृदय तपासलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही चला. मीच घरी राहते!"

* * *

ग्रुपचे लीडर गावंडे सर. अकोल्याच्या जठारपेठेत राहतात, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. पहिली मीटिंग त्यांच्याच हॉलमध्ये झाली. भिंतीवर नकाशा, सरांच्या हातात छडी.

"आधी सेवा, मग ट्रेक," सर म्हणाले. "पण साठीच्या वरच्या मंडळींनी ट्रेकचा हट्ट धरू नये. त्यांनी खाली गावात राहून सेवा करावी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हॉलमध्ये पांढरं डोकं माझं एकटीचंच होतं.

मी म्हटलं, "सर, मंग तुमी वर जानार का खाली थांबनार?"

"मी लीडर आहे!"

"लीडरले वय नसते का?"

गावंडे वहिनी चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "नसते व मावशी. डाय असते!"

सरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

* * *

प्रॅक्टिसला चिखलदऱ्याला गेलो. सगळ्यांच्या पाठीवर नव्या सॅक. मलाही एक दिली. पट्टे आवळले, दोन पावलं टाकली आणि मागेच ओढली गेले. अख्खी हयात वलगावच्या मळ्यापासून फाट्यापर्यंत भाजीचं टोपलं डोक्यावर वाहिलं. वझं डोक्यावर असलं की माझी मान सरळ राहते, पाय आपोआप पडतात. पाठीवर वझं म्हणजे मला कोणीतरी मागून पदर धरल्यासारखं वाटतं.

सॅक काढली. गमछा वळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, तिच्यावर सॅक. दोन्ही हात मोकळे! सरसर चढले.

सर मागून ओरडले, "मावशी, सॅक पाठीवर घेतात! जगात कुणी असा ट्रेक करत नाही!"

"मंग जगात जाऊनच पाहू ना!"

वर पोचले तर पुण्याकडची काही पोरं मक्याची कणसं खात उभी होती. त्यांनी माझा फोटो काढला. एकानं मोठ्या आदरानं विचारलं, "आजी, सामान पोचवायचे किती घेता?"

मी मागे बोट दाखवलं. "ते टोपीवाले येऊन राहिले ना, ते मालक. त्यायले विचारा."

* * *

आमच्यात एक बंडूभाऊ. बार्शीटाकळीचा कास्तकार, अंगानं धिप्पाड, मनानं साधा. त्याच्या बायकोनं त्याला हिरव्या मिरचीच्या ठेच्याची बरणी दिली होती, आणि ती त्यानं हातातल्या पिशवीत ठेवली. विमानतळावर तपासणीवाल्यानं बरणी बाहेर काढली.

"ये नहीं जायेगा."

"साब, चटनी हाय. घरची हाय."

"फेकना पड़ेगा."

फेकायचं? बायकोनं पाट्यावर वाटलेला ठेचा? बंडूभाऊनं बरणी उघडली आणि तिथंच उभ्या उभ्या बोटानं खायला सुरुवात केली. पोळी नाही, भाकर नाही, नुसता ठेचा! तपासणीवाला दोन पावलं मागे सरकला. निम्मी बरणी पोटात गेली, तेव्हा आमचं नाव पुकारलं म्हणून उरलेली सोडावी लागली.

विमानात बसला तर डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. शब्द फुटेना. हवाईसुंदरी धावत आली. तिला वाटलं, हा माणूस पहिल्यांदा विमानात बसलाय, घाबरलाय. तिनं त्याचा हात हातात घेतला आणि अगदी मायेनं म्हणाली, "डरिये मत सर, मैं हूँ ना."

विमान वर गेलं, सरळ झालं, तरी तिनं हात सोडला नाही. ठेचा गेल्याचा विषय बंडूभाऊनं त्यानंतर काढला नाही.

* * *

गाव छान होतं. उतारावर पायऱ्या पायऱ्यांचं शेत, संत्र्याची झाडं, मधे शाळा. तिची भिंत पावसात खचलेली. खालच्या ओढ्यातून दगुड वर आणायचे आणि रचायचे, हे आमचं काम. सरांनी कामाची वाटणी वाचून दाखवली. पुरुषांनी दगड, तरुण बायकांनी माती, "आणि मावशी, तुम्ही स्वयंपाक."

"सर, सैपाक कराले मले विमानात बसा लागते का?"

गेले ओढ्यावर. चुंबळ केली, दगुड डोक्यावर घेतला. तिथल्या बायका थबकल्या. त्यांची रीत वेगळी. पाठीवर वेताची टोपली आणि तिचा पट्टा कपाळावर. त्यांच्यात एक सुनमाया नावाची बाई होती, माझ्याच वयाची, दात माझ्याहून कमी. आम्ही जिच्याकडे जेवायचो ती हीच. ती माझ्याकडे पाहून हसत सुटली. मी तिच्या कपाळाकडे पाहून हसले.

"दिदी, गिर जायेगा!" ती म्हणाली.

"तेरा माथा फूट जायेगा!" मी म्हटलं.

मग अदलाबदल केली. मी तिची टोपली पाठीवर घेऊन पट्टा कपाळाला लावला, तर मान अशी काही आखडली की मी आभाळाकडेच पाहत बसले. तिनं माझी चुंबळ डोक्यावर ठेवली, वर दगुड. तो सरळ सरांच्या पायाजवळ येऊन पडला. सरांनी उडी मारली. भूगोलाच्या मास्तरला एवढी उंच उडी येत असेल, असं कोणाला वाटलं नव्हतं!

तेव्हापासून सुनमाया आणि मी पक्क्या.

* * *

सरांनी अकोल्याहून एक फ्लेक्स छापून आणला होता. त्यावर हात जोडलेले सर, मागे हिमालय. तो नव्या भिंतीवर लावून सर्वांचा फोटो काढायचा होता. भिंत कंबरेएवढी झाली तेव्हा सरांना धीर निघाला नाही. म्हणाले, "लावून पाहू." लावला. वारा आला. फ्लेक्स दरीच्या बाजूनं उडाला.

सर दुपारभर खालवर शोधत हिंडले. सापडला तो सुनमायाच्या बकऱ्यांच्या गोठ्यावर. तिनं तो छपरावर ताणून चारी कोपऱ्यांना दगुड ठेवले होते. आत बकऱ्या, वर सर हात जोडून.

सर म्हणाले, "अहो, हे आमचं आहे. वापस पाहिजे."

सुनमायानं छपराकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. चेहरा ओळखला आणि तिला फार आनंद झाला. "अच्छा, आप हो! बहुत बढ़िया हो. अंदर एक बूँद पानी नहीं आता!"

फ्लेक्स तिथंच राहिला. भिंतीपेक्षा तोच जास्त टिकेल, असा बंडूभाऊचा अंदाज आहे.

* * *

बंडूभाऊचंच अजून एक. आपल्याकडे ताटात टाकलं तर घरधनिणीचा अपमान. सुनमायाकडे ताट रिकामं दिसलं की समजायचं, पाहुणा उपाशी आहे. झालं! ती भात वाढी, हा संपवी. हा संपवी, ती वाढी. दोघंही आपापल्या जागी सज्जन. बाकीच्यांनी हात धुतले, भिंतीला टेकले, तरी या दोघांचं चालूच.

शेवटी सुनमायानं घाबरून पातेल्यात वाकून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "इनके गाँव में खाना नहीं मिलता क्या?"

बंडूभाऊचा घास तोंडातच राहिला. कळवळून म्हणाला, "मावशी, हिले सांगा व! मी पोटानं नाही, इज्जतीनं खाऊन राहिलो!"

* * *

भिंत झाली. दुसऱ्या दिवशी ट्रेक. गावामागच्या उंच धारेला तिथले लोक डांडा म्हणतात. वर पोचलं की समोर बर्फाचा डोंगर, हाताला लागावा असा, म्हणे. खालून त्याचं टोकही दिसत नव्हतं. अंगणात सगळे बूट पुसत होते. मीही माझे पुसायला काढले.

सर आले. "मावशी, आपलं ठरलंय ना? तुम्ही खाली थांबा. आम्ही संध्याकाळी येतोच."

"ठरवलं तुमी. मी कुठी ठरवलं?"

मीनल म्हणाली, "सर, भिंतीचे दगड त्यांनी आपल्याबरोबरीनं वाहिलेत. त्यांना काही होणार नाही."

"आणि झालं तर? वर डॉक्टर एकटी, हेलिकॉप्टर नाही, गाडी नाही. जबाबदारी माझी आहे!"

"माई जबाबदारी मी तुमच्यावर टाकली कधी?" मी म्हटलं. "आतालोक कोनावर टाकली नाही."

"मावशी, वाद नको. आमच्या ग्रुपसोबत तुम्ही येणार नाही. फायनल!"

बंडूभाऊ मान खाली घालून लेस बांधत बसला. मीनलचा चेहरा रडवेला झाला. मला काय वाटलं ते सांगत नाही. इतक्या लांब येऊन त्या डोंगराला पाठ दाखवून वलगावला जायचं, याचा विचार करून पाहा.

मग मी बूट बाजूला ठेवले आणि म्हटलं, "बरं सर. तुमच्या ग्रुपसंग येत नाही."

सर एवढ्या लवकर जिंकायला तयार नव्हते. त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

* * *

सुनमाया चुलीपाशी होती. ट्रेकवाले यायचे दिवस असले की ती टोपलीभर संत्री घेऊन डांड्यावर जाते आणि बसते, हे मला ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, "आधा माल मेरे सिर पे दे." तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, चुंबळीकडे पाहिलं आणि उठून दुसरी टोपली काढली. मीनलला तेवढं सांगून ठेवलं, नाहीतर तिनं गावभर शोधलं असतं.

सकाळी सरांचा ग्रुप अंगणात हातपाय ताणत होता, सूचना ऐकत होता, तेव्हा आम्ही दोघी गोठ्याच्या मागच्या वाटेनं निघालो होतो. तिची टोपली पाठीवर, माझी डोक्यावर. ती थांबली की मी थांबायची, मी थांबले की ती. तिच्या गुडघ्याचं ती तिच्या भाषेत सांगत होती, माझ्या सुनेचं मी माझ्या भाषेत. कोणाचं काही अडलं नाही. एका चढाला माझा दम उखडला, ते खोटं कशाला सांगू? टोपलं उतरवलं, बसले. तिनं एक संत्रं सोलून दिलं. आपल्या वरुडच्या संत्र्यापुढं जीव लहान, पण गोड. उठले.

डांड्यावर पोचले आणि समोर पाहिलं.

पेपरात फारच लहान छापतात.

किती वेळ उभी होते कोण जाणे. सुनमायानं माझ्या डोक्यावरून टोपली उतरवून घेतली तेही कळलं नाही. मग तिनं पोतं अंथरलं, संत्री ओतली. नुसती ओतली! मी तिला बाजूला केलं. मोठी पुढे, डाग असलेली मागे, दोनचार पानांसकट वर. लगेच एक गोरं जोडपं थांबलं. सुनमायानं ते पाहिलं, भाव मला बोटांवर सांगितला, कमी करायचा नाही म्हणून दम दिला, विळा घेतला आणि पलीकडच्या उतारावर बकऱ्यांसाठी गवत कापायला निघून गेली.

वारा बोचत होता. तिचीच शाल मी डोक्यावरून नाकापर्यंत गुंडाळून घेतली आणि बसले धंद्याला.

बऱ्याच वेळानं खालून टोपी दिसली. गावंडे सर! लीडर म्हणून सगळ्यांच्या पुढे. बाकीचे अजून वळणावर होते. सरांच्या चष्म्यावर वाफ, तोंड उघडं, काठी एकीकडे, सॅक एकीकडे. माझ्या पोत्यासमोरच्या दगडावर त्यांनी अंग टाकलं आणि मान गुडघ्यांत घातली. समोरचा डोंगर त्यांना अजून दिसलाच नव्हता. हात चाचपडत एका संत्र्यावर आला.

"दिदी," सर धापा टाकत म्हणाले, "टॉप... और कितना दूर है? और ये संतरा... ठीक भाव लगाओ. हमारे अमरावती तरफ... इससे डबल बड़ा मिलता है."

मी त्यातल्या त्यात बरं पाहून एक त्यांच्या हातात ठेवलं.

"टॉप हेच हाय सर, चष्मा पुसा," मी म्हटलं. "आन भाव कमी होनार नाही. मालकीन गवताले गेली हाय."