उजवा स्पीकर वाकडाच राहणार

सात दिवाळ्या मी माझ्या आत्याचं गाणं बिघडवलं, आणि वर तिच्याच हातचा चिवडा खाऊन घरी आलो.

आज कौशीआत्याला जाऊन वर्ष झालं. म्हणून कबूल करून टाकतो.

कौशीआत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. माहेर पाचोडकडचं. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. एकटी शहरात आली आणि बाटल्या भरायच्या कारखान्यात लागली.

काम काय, तर लाइटच्या पांढऱ्या पडद्यासमोर बसायचं आणि पुढून सरकणाऱ्या बाटल्यांत कचरा दिसतो का बघायचं. मशीन उजव्या हाताला. दिवसभर काचेवर काच. रिटायर होईपर्यंत तेच.

घरी आली की तिला गाणं लागायचं. आणि ते नीट लागायचं.

गुलमंडीच्या बाजारात स्पीकर घ्यायला गेली तेव्हा मी सोबत होतो. डिप्लोमाला होतो तेव्हा. दुकानदार मोठमोठे खोके दाखवत होता.

"आपा, ये लेव. खिडक्यां हिलते इससे."

"खिडक्या नको हलवू भाऊ. गाणारी श्वास कुठं घेती ते ऐकू दे."

पिशवीतून स्वतःची कॅसेट काढली आणि डोळे मिटून तिथंच स्टुलावर बसली. एकच गाणं, पाच जोड्यांवर. शेवटी घेतली सगळ्यात छोटी जोडी.

"मही खोली दहा बाय बाराची. तिच्यात हत्ती कशाला बांधू?"

मग जागा ठरवणं. कोपऱ्यात ठेवले तर आवाज पिपात बोलल्यासारखा येतो, म्हणून कोपरा नाही. भिंतीपासून हातभर पुढं. ती खाली चटईवर बसून ऐकायची, म्हणून स्पीकरखाली चार-चार विटा, वरचं छोटं तोंड बरोबर तिच्या कानाला येईल असं. चटईच्या मागच्या भिंतीवर गोधडी टांगली, आवाज आपटू नये म्हणून.

"बाई मधोमध गायला पाहिजे." एवढंच तिचं शास्त्र.

दोन्ही स्पीकर कानाला सारखे आले की गाणारी समोरच्या रिकाम्या जागेत बसल्यासारखी वाटते. विश्वास नसेल तर घरी करून बघा.

आता माझा पराक्रम.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. दिवाळीच्या साफसफाईला तिच्याकडं जायचो. जळमटं काढायची, स्पीकर उचलायचे, फरशी पुसायची, परत मांडायचं.

दर वर्षी बघावं तर उजवा स्पीकर पुढं आलेला. डाव्यापेक्षा चांगला जवळ, आणि तिरपा. म्हटलं, झाडताना म्हातारीचा धक्का लागत असेल.

मी खिशातून मोजायची टेप काढायचो. डावा, उजवा, चटई. इंचाचाही फरक ठेवायचो नाही. वर लेक्चर.

"आत्या, हा ट्रँगल असतो. दोन्ही बाजू सारख्याच पाहिजेत."

"बरं बाबा. तू शिकलेला," म्हणायची आणि चिवड्याची वाटी पुढं करायची.

ती जायच्या आधीच्या दिवाळीला हेल्मेट विसरलो म्हणून कोपऱ्यावरून परत फिरलो. दार उघडंच होतं.

आत्या फरशीवर गुडघ्यांवर होती. विटांखाली पोतं घालून अख्खा उजवा स्पीकर ओढत होती. ओढायची, चटईवर जाऊन बसायची, ऐकायची, पुन्हा उठायची. सत्तरीच्या पुढची बाई. धाप लागलेली.

"काय करायलीस आत्या?"

तिला ऐकूच गेलं नाही. मी तिच्या उजव्या बाजूला उभा होतो.

समोर गेलो तेव्हा दचकली. मग हसली.

"ह्या कानानं कमी येतंय रे सुन्या. कारखान्यातच गेला तो, हळूहळू. डॉक्टरनं कानाचं मशीन दिलंय, पण त्यात बाई गाती का भांडी घासती तेच कळंना. मग म्हणलं, कान पुढं सरकत नाय, तर स्पीकर सरकवू."

तिचा अॅम्प एका मिस्त्रीनं जोडून दिलेला. त्याला एकाच बाजूचा आवाज वाढवायचं, बॅलन्सचं बटणच नव्हतं.

"मग मला कामून सांगितलं नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं मोजायचास. तुहं मन कामून मोडू?"

मी खाली बघितलं. शहाबादी फरशीवर खिळ्यानं ओढलेल्या बारीक रेघा होत्या. एकापुढं एक, दर वर्षीची चटईच्या थोडी जवळ. सात वर्षं मी त्यांना चरे समजून वरून फडकं फिरवत होतो.

लाज वाटली. रडू आलं, लपवत नाही.

"रडतो काय? ढकल," आत्या म्हणाली. "मी सांगते."

मग तासभर तेच चाललं. "अजून. बोटभर. लई झालं, मागं घे. जरा तिरका कर. थांब."

मी थांबलो. तिनं डोळे मिटले.

"हां. बसली बाई मधोमध."

मग खिळा माझ्या हातात दिला. शेवटची रेघ मी ओढली.

आज वर्षश्राद्ध तिच्याच घरी केलं. अण्णा खोलीत आले आणि म्हणाले, "हा वाकडा का ठेवला रे? सरळ कर, माणसं येतील."

"अण्णा, त्याला हात लावायचा नाही. कुणीच."

माझा आवाज चढला. वडलांशी मी असं कधी बोललो नव्हतो. अण्णा बाहेर गेले.

जेवणं उरकली, माणसं गेली. मी चटई टाकली, तिच्या जागी बसलो आणि तिचीच कॅसेट लावली.

बाई पार उजवीकडं गात होती. माझे दोन्ही कान धड, मला तिथं ती मधोमध कशी सापडणार?

पूजेच्या ताटात कापूस होता. त्याचा बोळा केला आणि उजव्या कानात घातला. अजून थोडा घातला.

बाई हळूहळू सरकली आणि मधोमध येऊन बसली.

मी कॅसेटची पूर्ण बाजू तशीच ऐकली.

घर भाड्यानं द्यायचं बोलणं चाललंय. द्या. फक्त ती एक खोली सोडून. तिची किल्ली माझ्याकडं आहे आणि माझ्याकडंच राहील.

आत्या, श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही.

दिवाळीला येतो साफसफाईला. मोजायची टेप घरी ठेवून.