बावीस वर्षांचे स्पीकर

गफूरचाचा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीचा, सलमाचा होता. "दीदी, अब्बा गेले," एवढंच ती बोलली. नंतर अकोल्याचं जे कोणी भेटलं ते म्हणालं, "ते रेडिओ रिपेअरिंगवाले ना?" पाच आठवडे झाले, माझा राग जात नाही. चाचा दुरुस्ती करायचे ते पोटासाठी. खरं तर ते स्पीकर घडवायचे.

आईबाबांच्या लग्नाच्या वर्षी कापूस चांगला पिकला, म्हणून बाबांनी हिवरखेडहून अकोल्याला जाऊन चाचांकडून स्पीकरची जोडी बनवून घेतली होती. सागवानी खोकं, आतल्या पडद्याला कापडी कडा. फोमची कडा चाचा लावतच नसत. "फोमचा धा-बारा सालात भुगा होते. कपडा तुमच्या पोरीच्या लग्नात वाजन," म्हणायचे. खोक्याच्या आत पेन्सिलीनं तारीख घालायचे, दुरुस्तीला आलं की तिच्याखाली नवी. मी नववीत असताना बाबा काविळीनं गेले. स्पीकर राहिले, आणि त्यांवर आईचा सकाळचा रेडिओ.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. मी अमरावतीला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होते. सुट्टीत घरी असताना सरकारी मदतीच्या यादीसाठी एक साहेब पाहणीला आले. कललेली भिंत त्यांना दिसली नाही, स्पीकर दिसले. "म्युझिक सिस्टिम आहे की घरात!" आई म्हणाली, "साहेब, बावीस वर्सं झाले त्याले." साहेब हसले. "बावीस वर्षं स्पीकर टिकतात होय? गेल्या दिवाळीचे दिसतात." चाचांनी त्या दिवाळीला खोक्यांना फुकट पॉलिश करून दिलं होतं... यादी लागली, तीत आईचं नाव नव्हतं.

हे कळल्यावर चाचा घरी आले, एक स्पीकर उचलला आणि एसटीत मांडीवर घेऊन माझ्यासोबत तेल्हाऱ्याच्या कार्यालयात आले. साहेबांच्या टेबलावरच त्यांनी तो खोलला. "तुमी याचं वय विचारून राहिले ना? पाहा."

साहेबांनी वाकूनही पाहिलं नाही. "पेन्सिलीनं कोणीही लिहील. पावती आहे?"

"कपड्याचा रंग पाहा, साहेब. लाकूड पाहा. म्या सोता बनवला हाये. मी झूट कावून बोलीन?"

"उचला हे टेबलावरून."

चाचांनी स्क्रू गोळा केले. एक घरंगळत टेबलाखाली गेला. साठीचा माणूस गुडघे टेकून तो शोधत होता आणि साहेबांनी पाय बाजूला घेतले नाहीत. ते पाय मला अजून दिसतात. मी तेव्हा गप्प राहिले, याचाही राग आहे.

आईचं नाव कधीच लागलं नाही. माझं वसतिगृह सुटलं, वर्ष गेलं, आई दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जाऊ लागली. चाचांनी आमच्याकडे येणंच बंद केलं. पॉलिश आपण केलं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. शेवटी आईच अकोल्याला त्यांच्या दुकानात गेली. "भाऊ, तोंड कावून लपवता? चांगलं काम केलं, हा का गुन्हा हाये?" चाचा रडले, असं आई सांगते.

आता आई माझ्याकडे अमरावतीला असते. गेल्या महिन्यात डावा स्पीकर खरखरू लागला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, फेका. स्पीकरचं आयुष्य पाच वर्षं." मी त्याच्यावर एवढी ओरडले की दुकानातली माणसं वळून पाहू लागली. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. मग सलमा अकोल्याहून आली, कापड आणि डिंक घेऊन. "अब्बा डिंक पातळ करायचे," ती म्हणाली. फरशीवर बसून आम्ही दोघींनी कडा लावली. वाकडी बसली. काढली, पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं रेडिओ लावला आणि स्वतः आवाज वाढवला. थोड्या वेळानं शेजारचे दारात आले, जरा कमी करा म्हणाले.

मी केला नाही.