चंद्रीच्या मरणात वाटा

उषाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण गोष्ट ऐकताना त्यांच्या हातातली कात्री आपोआप थांबायची. हे नूतनच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं.

नूतन शहाण्णव साली अमळनेरहून लग्न होऊन कापडगिरण्यांच्या शहरात, लिंबायतला आली. बारावी शिकलेली. दुपारी गल्लीतल्या पाच-सहा बायका उषाबाईंच्या ओट्यावर साड्यांचे धागे कापत बसायच्या आणि नूतन गल्लीच्या मंडळाच्या कपाटातलं पुस्तक त्यांना वाचून दाखवायची. उषाबाई पन्नाशीच्या, विधवा. दोन वर्षांपूर्वी प्लेगच्या साली अर्धी गल्ली गावाकडे, खानदेशात पळाली, तेव्हा त्या मागे राहून तापाने फणफणलेल्यांना पेज पाजत होत्या. त्यामुळे गल्लीत त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

तेव्हा वाचायला घेतलेल्या कादंबरीत चंद्री नावाची बाई होती. नवऱ्याचा मार चुकवून ती भर दुपारी शेजारणीचं दार ठोठावते. शेजारीण आतून कडी घालून गप्प बसते. संध्याकाळी चंद्री विहिरीत सापडते.

पुस्तक संपलं आणि ओट्यावर वाद पेटला. कोणी म्हणालं, नवऱ्याने मारलं. कोणी म्हणालं, सासूने कान भरले. शेजारणीला तर सगळ्यांनीच शिव्या घातल्या. उषाबाई मात्र कात्री उचलून घरात निघून गेल्या. पुढचे दोन दिवस त्या ओट्यावर आल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन त्यांनी नूतनला विचारलं, "चंद्रीनी नवराले उलटं उत्तर दिधं, तव्हय मी काय बोलनू व्हतू?"

नूतन घुटमळली. "तुम्ही म्हणालात, हिला दोन ठेवून द्यायलाच पाहिजेत."

"मंग तिले मारामा मी बी शे."

बायका हसल्या. "अहो मावशी, पुस्तकातली आहे ती!" नूतन म्हणाली.

"पुस्तकमधली शे म्हनीसन तर मना मनमातलं खरं बाहेर निघनं."

तेवढ्यात भिंतीपलीकडे भांडं आपटलं. शेजारची शोभाबाई ओरडली. तिचा नवरा दगा रातपाळी करून दुपारी घरी असायचा आणि हे आवाज ओट्याला नवे नव्हते. नूतनने सवयीने नवं पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचू लागली. उषाबाईंनी पानावर हात ठेवला.

"रोज असंच करतस ना आपन? तिकडे आवाज वाढना का तू जोरमा वाचस."

नूतनने पुस्तक मिटलं. खरंच, महिनाभर ती हेच करत होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. निरक्षर बाईने तिला तिचाच आवाज ऐकवला होता.

उषाबाई उठल्या. मागोमाग सगळ्या उठल्या. दगाने दार अर्धंच उघडलं. "आमच्या घरचं आहे. तुम्हाला काय?"

"भित दोन्ही घरनी शे," उषाबाई म्हणाल्या. "शोभा, चाल बहीण, बाहेर ये."

शोभाबाई बाहेर आली. दगा एका दिवसात सुधारला नाही. आणखी दोनदा त्या साऱ्या जणी दारात जाऊन उभ्या राहिल्या. मग नूतनने शोभाबाईच्या माहेरी पत्र लिहिलं. शोभाबाईचा भाऊ सुकदेव शिंदखेड्याहून येऊन तिला घेऊन गेला. सहा महिन्यांनी ती परतली, पण दगाकडे नाही. जवळच्याच गोडादऱ्यात खोली घेऊन ती साड्यांना टिकल्या लावायचं काम करू लागली.

ती सुखरूप असल्याचं कळलं, त्या दिवशी नूतन उषाबाईंना म्हणाली, "आता तरी मनावरचं ओझं उतरलं ना, मावशी?"

उषाबाईंनी धागा कापला. "शोभानं ओझं उतरनं. पन चंद्रीनं? ती तर मरीच गयी ना."

एवढ्या लोकांनी वाचलं असेल ते पुस्तक, नूतनला वाटलं. चंद्रीचं सुतक यांच्याएवढं कोणी पाळलं असेल?