खडूचं दार

भाचीला आणायला गेलो, तेव्हा तिच्या नाटकाची तालीम अजून चालूच होती. नेपथ्य तयार नव्हतं, म्हणून फरशीवर खडूने घर आखलेलं. एक मुलगी घाईत भिंतीच्या रेघेवरूनच आत आली.

"भूत आहेस का? दारातून ये!" सर ओरडले.

ती मागे गेली. हवेतली कडी काढून तिने दाराला खांदा लावला.

"खांदा कशाला?"

"आमच्या घरचं दार पावसाळ्यात फुगायचं, सर. ते घर रस्तारुंदीत गेलं."

सर सगळ्यांना म्हणाले, "ऐकलंत? या घराचं दार फुगलेलं आहे." त्यानंतर जो तो खांदा लावूनच आत येऊ लागला.

नसलेली वस्तू नट कल्पनेने उभी करतात, असं मी समजत होतो. इथे तर लाकूड कधीच गेलं होतं आणि त्याचं वजन तेवढं खांद्यात उरलं होतं. माझ्या अंगात अशी कुठली दारं असतील?

"मामा, चहा घ्यायला ये ना आत!" भाचीने हाक मारली. मी रेघेपाशी थांबलो आणि जरा लाजतच खांदा पुढे केला.

"अजून जोरात, काका," ती मुलगी म्हणाली.